काटेरी तारेआडचा शालान्त वर्ग

शाळा सोडून चाळीस-पंचेचाळीस वर्षे उलटली की जुन्या सवंगड्यांना एकत्र आणण्याची ओढ लागते. आमच्या दहावीच्या वर्गाचाही असा स्नेहमेळावा काही वर्षांपूर्वी झाला. एकाने जपून ठेवलेले वर्गाचे छायाचित्र हातोहात फिरले. कोण कोठे आहे, कोण राहिला नाही, याची उजळणी झाली. पुढे मुलाकडे कॅलिफोर्नियास गेलो असता एका निराळ्याच शालान्त वर्गाची ओळख घडली आणि आपल्या आठवणी किती सुखाच्या आहेत, हे उमगले.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेस सुमारे ३७० किलोमीटरवर, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी मॅन्झनार नावाचे ओसाड, वाऱ्याधुळीचे ठिकाण आहे. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ सफरचंदांची बाग. आज तेथे राष्ट्रीय स्मारक आहे. स्मारकाचे माहिती केंद्र ज्या इमारतीत आहे, ती एके काळी हायस्कूलचे सभागृह होती. मात्र हे हायस्कूल गावातले नव्हते. ते काटेरी तारेच्या आत, पहाऱ्याच्या मनोऱ्यांखाली भरत असे.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर स्वाक्षरी केली आणि त्या आधारे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरदार सोडून दहा छावण्यांत पाठविण्यात आले. यांतील सुमारे दोन तृतीयांश जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. कोणावर आरोप ठेवला नव्हता, की कोणाची चौकशी झाली नव्हती. वंश एवढाच अपराध.

व्यापारी घरातील वाचकांना यापुढील भाग अधिक जवळचा वाटेल. ही मंडळी फळबागाईत, मासेमारी, किराणा, रोपवाटिका, कपडेधुलाई, उपाहारगृहे असे लहानमोठे धंदे करणारी होती. हाती उचलून नेता येईल तेवढेच सामान न्यावयाचे, बाकीची विल्हेवाट काही दिवसांत लावावयाची. लॉस एंजेलिस बंदरातील टर्मिनल बेटावरच्या कोळी कुटुंबांना तर अवघे ४८ तास मिळाले. दारोदार जुन्या मालाचे दलाल फिरू लागले आणि आयुष्यभराची कमाई मिळेल त्या भावाने गेली. जीन वाकात्सुकी ह्यूस्टन यांच्या ‘फेअरवेल टू मॅन्झनार’ या १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात एक प्रसंग आहे. चिनीमातीच्या उंची भांड्यांना दलालाने कवडीमोल भाव दिला, तेव्हा त्यांच्या आईने एकेक बशी त्याच्या समोर जमिनीवर आपटून फोडली. पण त्या भावात भांडी दिली नाहीत.

जपानमध्ये जन्मलेल्या वडीलधाऱ्यांची बँक खाती गोठविली गेली. योकोहामा स्पेसी बँकेच्या तेथील शाखांना कुलपे लागली. त्या बँकेतील येन ठेवींच्या कित्येक धारकांना आपल्या पैशासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९६७ साली. ज्याने तीन तपांहून अधिक काळ ठेवीदारांच्या पावत्यांवर सह्या केल्या, त्या माझ्यासारख्याला हा तपशील फार बोचला. ठेवीची पावती हा विश्वासाचा कागद असतो. त्याची मुदत पंचवीस वर्षे लांबली, तर पावती उरते, विश्वास उरत नाही.

दुकान गेले, खाते गोठले. मग आईबापांनी मुलांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. मॅन्झनारमध्ये त्या वेळी दहा हजारांहून अधिक माणसे लाकडी बराकींत राहत होती. २० फूट बाय २५ फुटांच्या एका खोलीत आठ-आठ माणसे. १९४२ च्या शरद ऋतूत शाळा सुरू झाली, तेव्हा बाके नव्हती, पुस्तके अपुरी होती. मुले जमिनीवर बसून शिकत. सकाळी तीच मुले छातीवर हात ठेवून अमेरिकन ध्वजाला वंदन करीत आणि स्वातंत्र्य व न्याय यांची ग्वाही देणारी प्रतिज्ञा म्हणत. त्याच डिसेंबरात छावणीत दंगल उसळली. सैनिकांच्या गोळीबारात दोन तरुण मृत्युमुखी पडले. त्यांतील एक १७ वर्षांचा होता.

१९४३ च्या आरंभी १७ वर्षे व त्यावरील प्रत्येकाच्या हाती एक प्रश्नावली देण्यात आली. तिचा २७ वा प्रश्न सैन्यसेवेच्या तयारीविषयी होता आणि २८ वा अमेरिकेवरील संपूर्ण निष्ठेविषयी व जपानच्या सम्राटाशी संबंध तोडण्याविषयी. ज्या आईबापांना अमेरिकेचा कायदा नागरिकत्वच देत नव्हता, त्यांनी ‘होय’ लिहिले, तर ते कोणत्याच देशाचे उरत नव्हते. ‘नाही’ म्हणणाऱ्यांची रवानगी ट्यूल लेकच्या छावणीत. शालान्त वर्गातील मुलांना गणित-इतिहासाच्या जोडीने हीही परीक्षा द्यावी लागली, आणि तिचे उत्तर घराघरात तंटे लावणारे होते. जानेवारी १९४४ पासून या मुलांना सक्तीच्या लष्करभरतीतही घेतले जाऊ लागले. इटलीत ५ एप्रिल १९४५ रोजी वीरमरण आलेल्या आणि पुढे सर्वोच्च शौर्यपदक लाभलेल्या सदाओ मुनेमोरी यांची आई मुलाच्या मृत्यूसमयी मॅन्झनारच्या तारेआडच होती.

अशा दिवसांत त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी आपली स्मरणिका काढली. १९४३-४४ च्या स्मरणिकेचे नाव ‘अवर वर्ल्ड’, म्हणजे ‘आमचे जग’. छायाचित्रे तोयो मियाताके यांची. लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. छावणीत कॅमेरा बाळगण्यास बंदी असल्याने त्यांनी भिंग लपवून आणले आणि सुताराकडून लाकडी पेटीचा कॅमेरा करवून घेतला. पुढे अधिकाऱ्यांनी त्यांना छायाचित्रणाची परवानगी दिली. मात्र आरंभी कळ दाबण्याचे काम गोऱ्या माणसानेच करावे, अशी अट होती!

स्मरणिका चाळताना प्रथम आश्चर्य वाटते. वर्गाची छायाचित्रे, गायनवृंद, खेळाडूंचे संघ, नीटनेटके केस विंचरलेली हसरी मुले-मुली! कोणत्याही शाळेची असावी तशी. मला आधी वाटले, दुःख झाकण्यासाठी हे केले असेल. नंतर जाणवले, की त्यांना सरकारी कागदांवर कुटुंब क्रमांक मिळाला होता. येथे त्यांनी आपली नावे स्वतः लिहिली. शेवटच्या, १९४५ च्या वर्गाची स्मरणिका ‘व्हॅलिडिक्शन’, म्हणजे निरोप. तिच्यातील एका छायाचित्रात मागे पहाऱ्याचा मनोरा दिसतो आणि पुढे एक हात काटेरी तारेला पक्कड लावून थांबलेला आहे. ते पान मी पुन्हा पुन्हा पाहिले. त्याखाली भाष्याची गरज नव्हती.

२१ नोव्हेंबर १९४५ रोजी छावणी बंद झाली. निघताना हाती २५ डॉलर आणि प्रवासाचे तिकीट. १९४८ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला; सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलरच्या मागण्या आल्या आणि सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलर दिले गेले. घाईने घर सोडणाऱ्याकडून पुरावे मागितले गेले. ते कोठून मिळणार? १९८८ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने अमेरिकेने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर दिले. तोवर ज्यांची दुकाने गेली, ते बहुतेक वडीलधारे निघून गेले होते. ज्यांचे शिक्षण आपल्या मूळ शाळेत अर्धवट राहिले, त्यांना मानाची प्रमाणपत्रे देण्याची सोय कॅलिफोर्नियाने एकविसाव्या शतकाच्या आरंभी केली. ऐंशीच्या घरातील आजी-आजोबांनी शालान्त पोशाख घालून ती स्वीकारली.

दूरदेशीची गोष्ट म्हणून आपण हे वाचून बाजूला ठेवू शकत नाही. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याही देशात चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना, मुलाबाळांसह, राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले होते. त्यांतही पिढ्यान्‌पिढ्या येथे व्यवसाय करणारी कुटुंबे होती. त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय झाले असेल, हा प्रश्न मला मॅन्झनारला जाईपर्यंत कधी पडला नव्हता, हे कबूल करावयास हवे. युद्धकाळी भीती प्रथम शेजाऱ्याच्या दुकानाच्या पाटीवरचे नाव वाचते. त्या वेळी आपण गिऱ्हाईक म्हणून, शेजारी म्हणून कसे वागतो, याचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागतो.

नुकसानभरपाईच्या अर्जात भांड्यांसाठी, यंत्रांसाठी, मालासाठी रकाने होते. सतराव्या वर्षी तारेआड गेलेल्या वर्षांसाठी रकाना नव्हता. तो हिशेब त्या मुलांनी स्मरणिकेत लिहून ठेवला, म्हणून तो आज आपल्यापर्यंत पोहोचला. घरी परतल्यावर मी आमच्या दहावीच्या छायाचित्राच्या मागे सर्वांची नावे, जमतील तशी आठवून, लिहून काढली. दोन नावे अजून आठवत नाहीत.