चकाकीचा हिशेब मायक्रॉनमध्ये

वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिलेली एखादी जुनी लाल मोटार पाहा. टप आणि बॉनेट गुलाबट, पिठूळ झालेलं असतं. दारांचा रंग त्यामानाने बरा असतो, आणि दार उघडून आतली चौकट पाहिली तर तिथे कारखान्यातला लाल जवळपास जसाच्या तसा सापडतो. तिन्ही ठिकाणचा रंग एकाच वयाचा, फरक फक्त उन्हाचा. म्हणून ‘गाडी जुनी झाली, रंग जाणारच’ हे म्हणणं अपुरं आहे. रंगात छटा देणारं रंगद्रव्य असतं आणि त्याला पत्र्यावर धरून ठेवणारी राळ असते. अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू वरच्या थरातली ही राळ तोडत जातात. आधार सुटलेलं रंगद्रव्य भुकटीसारखं वर राहतं, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि प्रकाश सरळ परावर्तित होण्याऐवजी विखुरतो. अशा बॉनेटवर पाणी ओता, क्षणभर जुना रंग उजळून दिसेल, कारण पाण्याने ते खळगे भरले. खालचा रंग बहुधा शाबूत आहे, मेला आहे तो वरचा पातळ पापुद्रा.

इथेच बहुतेकांची समजूत चुकते. चकाकी ही बाटलीतून आणून गाडीवर लावायची वस्तू आहे, असं जाहिराती सांगतात. गॅरेजमधलं ‘रबिंग-पॉलिश’ मात्र नेमकं उलटं काम करतं. कंपाउंडमध्ये बारीक घासणारे कण असतात आणि ते मेलेला थर खरवडून काढतात. म्हणजे दर वेळी चमक आणताना थोडा रंग खर्च होतो, आणि हा साठा फार मोठा नाही. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर, प्रायमरसकट, साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. नव्या पद्धतीच्या रंगात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, त्यातला जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाहूनही पातळ. हलकं पॉलिश एखाद-दोन मायक्रॉन घेतं, तर वॉटर पेपर आणि जाड कंपाउंड त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे ‘किती चमकेल?’ यापेक्षा ‘किती कमी घासून चमकेल?’ हा प्रश्न कारागिराला आधी विचारायला हवा.

त्याचं उत्तर गाडीवर कोणता रंग आहे यावर ठरतं. पद्मिनी, अँबॅसिडरच्या जमान्यातल्या साध्या रंगांवर क्लिअर कोट नसे. अशा गाडीवर पॉलिश घासताना फडक्याला गाडीचाच रंग लागतो. मालक घाबरतो, पण ती मेलेली भुकटी आहे, निघायलाच हवी. क्लिअर कोट असलेल्या गाडीचं फडकं पांढरंच राहायला हवं. तिथे रंग उतरू लागला तर पारदर्शक थर संपला असं समजायचं आणि हात तिथेच थांबवायचा. क्लिअर कोटचे पापुद्रे सुटून पांढरट चट्टे पडले असतील, तर कोणतंही पॉलिश उपयोगाचं नाही. तो भाग पुन्हा रंगवणं हाच उपाय, मग विक्रेता काहीही सांगो.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सगळीच गाडी रंगवून घ्यावी. पत्रा गंजला असेल तर जरूर घ्यावी. पण कारखान्यात वरचा रंग पक्का करण्यासाठी नुसती बॉडी साधारण १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून काढतात. रबर, प्लॅस्टिक, वायरिंग बसवलेल्या गाडीला तेवढी उष्णता देता येत नाही. शिवाय स्वस्तातल्या रंगकामात काचेच्या रबरावर आणि बिजागऱ्यांवर उडालेले शिंतोडे गाडीची किंमत वाढवत नाहीत. दुसरा आक्षेप घरगुती उपायवाल्यांचा : रॉकेलचा किंवा तेलाचा हात फिरवला की गाडी चमकते. चमकते खरी, ओल्या बॉनेटसारखीच. वर त्या चिकट थराला धूळ घट्ट बसते. तिसरा मुद्दा सिरॅमिक कोटिंगचा. ते चांगलं संरक्षण आहे, पण पारदर्शक आहे. खालचा पिठूळपणा न काढता लावलं तर तोच पिठूळपणा आत बंद होतो, आणि पुढे तो काढायचा म्हणजे आधी कोटिंग घासणं आलं.

प्रत्यक्ष काम सावलीत, थंड पत्र्यावर करावं. आधी शाम्पूने नीट धुणं, मग रुतलेली घाण क्ले बारने काढणं. हे टाळून घासलं तर तीच वाळू ओरखडे पाडते. कडा आणि बॉडीच्या घड्यांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मशीन लावण्याआधी मास्किंग टेप चिकटवावी. शेवटी मेण किंवा सीलंट. आपल्या उन्हापावसात मेण काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतं, तेव्हा ते पुन्हा पुन्हा लावावं लागणार. त्यात कंटाळा वाटत असेल तर निदान कव्हर किंवा छपराची सोय करावी, कारण ऊन अडवणं हे कोणत्याही पॉलिशपेक्षा स्वस्त पडतं.

गाडी गॅरेजमध्ये दिलीत तर सगळं काम आधीच सोपवू नका. बॉनेटवर फूटभर जागेत सौम्य पॉलिशने नमुना करून मागा. तेवढ्याने भागलं नाही तरच जाड कंपाउंड. अनेक पॉलिशमधली तेलं ओरखडे तात्पुरते झाकतात, म्हणून तो तुकडा शाम्पूच्या पाण्याने धुऊन, पुसून, उन्हात पाहा. तरीही चमक राहिली, तर बाकीच्या गाडीला हात लावू द्या.