सूर्यास्तापूर्वीचे भरलेले ताट

लग्नसराई जवळ आली की घरोघरी परिचयपत्रे फिरू लागतात. उंची, शिक्षण, पेढी, आजोळ हे सारे ठळकपणे लिहिलेले असते. वजनाचा रकाना मात्र अनेकदा कोरा राहतो. स्थूल माणसाला समाज शंभर उपाय सुचवितो. कृश माणसाच्या वाट्याला एकच वाक्य येते, 'अरे, जरा खात जा!' हे वाक्य जितके सोपे, तितकेच निरुपयोगी. त्याला खायचे नसते असे नाही. त्याच्या दिवसात खाण्याला जागाच उरलेली नसते.

डिसेंबरात मुंबईत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवकारशी पाळणाऱ्याचा पहिला घास सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, चौविहार पाळणाऱ्याचा शेवटचा घास सूर्यास्तापूर्वी. हाती उरतात जेमतेम दहा तास, आणि नेमके तेच दुकानाचे तास. घरचा डबा एक वाजता येतो, गिऱ्हाईक असल्यामुळे साडेतीनला उघडतो आणि पाच वाजता चौविहाराची वेळ झाली तेव्हा भूक नसते. दोन जेवणे एकमेकांना खाऊन टाकतात. घरातील सुनेची गोष्ट याहून अवघड आहे. सासरे, दीर, मुले या सर्वांना सूर्यास्तापूर्वी वाढता वाढता स्वतःच्या ताटापाशी ती बसते तेव्हा खिडकीबाहेर उजेड सरलेला असतो. ती काही बोलत नाही, ओटा आवरते. असे महिन्यातून किती वेळा घडते, याची नोंद कोणत्याही चोपडीत नसते.

आधी कारण शोधावे

उंचीच्या मानाने वजन पुरेसे आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उत्तर १८.५ पेक्षा कमी आले, तर वजन कमी समजतात. १७० सेंटिमीटर उंचीच्या प्रौढासाठी ही सीमा सुमारे साडेत्रेपन्न किलोंवर येते. काही माणसे जन्मतः सडपातळ असून पूर्ण निरोगी असतात. त्यांनी चिंता करू नये. परंतु सहा महिने ते वर्षभरात, प्रयत्न न करता, वजनाचा विसावा भाग किंवा अधिक घटला असेल, सतत थकवा, ताप, खोकला किंवा जुलाब असतील, तर तूप वाढविण्याआधी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह, थायरॉईडचा अतिरेक, क्षयरोग, गव्हाचे ग्लुटेन न सोसणारा सीलिॲक आजार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिनबरोबर ब-१२ आणि ड जीवनसत्त्वही पाहावे. ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दुधातूनच, आणि तेही मर्यादित मिळते. दिवसभर छताखाली बसणाऱ्या व्यापाऱ्याला ऊन लागत नाही, म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडते. औषध घेताना कॅप्सूलचे आवरण विचारून घ्यावे, कारण अनेक आवरणे प्राणिज जिलेटिनची असतात. गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाचा पर्याय डॉक्टर सांगू शकतात.

वजन वाढावे, पण कशाचे?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपली दोघांची तुलना छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडील माणूस बाहेरून सडपातळ दिसला तरी आतून मेदयुक्त असू शकतो, हे यातून स्पष्ट झाले. म्हणून पेढे, फरसाण आणि सरबते यांच्या बळावर काटा पुढे सरकविणे हा तोट्याचा सौदा आहे. त्याने हातपाय तसेच राहतात, पोट तेवढे पुढे येते आणि मधुमेहाला आमंत्रण जाते. वाढवायचे आहे ते स्नायू. त्यासाठी पुरेसे अन्न, पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना काम, ही तिन्ही हवीत.

पाचशे कॅलरींचा जमाखर्च

नेहमीच्या आहारापेक्षा रोज ३०० ते ५०० कॅलरी अधिक घेतल्या, तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ अपेक्षित धरावी. यापेक्षा घाई नको. आपल्याच स्वयंपाकघरातला हिशेब पाहा. म्हशीच्या दुधाचा मोठा पेला, म्हणजे पाव लिटर, सुमारे २४० कॅलरी देतो. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे सुमारे १७०. दोन चमचे तूप ९०. बेरीज पाचशे! यात विकतच्या डब्याची गरज कोठे आली?

प्रथिनांचाही हिशेब मांडावा. साधारण प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. व्यायामाने स्नायू वाढविणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅमचे लक्ष्य ठेवावे. ५० किलोच्या माणसासाठी हे ६० ते ८० ग्रॅम होतात. दोन पेले दूध, दिवसभरात १०० ग्रॅम कोरडी मूग किंवा तूर डाळ, ५० ग्रॅम पनीर, मूठभर शेंगदाणे आणि सहा पोळ्या एवढ्यात सत्तरीचा टप्पा गाठता येतो.

बाजारातील आहारतक्ते अंडी, मध, बटाटा आणि मोड आलेली कडधान्ये सांगतात. आपल्याला त्यांची आवश्यकता नाही. कच्च्या केळ्याची भाजी, डाळ-ढोकळी, मुगाचे धिरडे, पनीर, तिळाची चिक्की, सातूचे पीठ हे आपले भांडार पुरेसे आहे. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दूध सकाळी आणि मधल्या वेळेस स्वतंत्र घ्यावे, डाळ जेवणात, दोन्ही साधतात. चातुर्मासात पालेभाज्या आणि अनेक घरांत सुका मेवाही बंद असतो. त्या काळात डाळी, दूध आणि तूप यांचे प्रमाण विचारपूर्वक वाढवावे.

वेळापत्रक असे बसविता येते. नवकारशीनंतर दूध आणि धिरडे, साडेदहाला गल्ल्यावरच केळी, एक वाजता डबा, आणि त्या वीस मिनिटांत गिऱ्हाईक भावाने सांभाळावे, साडेतीनला शेंगदाणे, सूर्यास्तापूर्वी पाऊण तास आधी जेवण. खाणे थोडे-थोडे पाच वेळा विभागले की भूक लहान असणाऱ्यालाही ते झेपते.

वजन वाढविणाऱ्या पावडरींविषयी सावध राहावे. महिन्याभरात दहा किलोंची हमी देणारा माल घेऊच नये. अशा मालात स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक पाहावा आणि घटकांची यादी वाचावी. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढेच. त्या पदार्थात मध किंवा कंदमूळ असू शकते.

दंड, बैठका आणि नवकारशी

कोल्हापूरच्या तालमींनी दंड-बैठका, दूध आणि बदामाची थंडाई यांवर पिढ्या घडविल्या. आपल्याला आखाडा गाजवायचा नाही. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी अर्धा तास पुरे. बैठका, भिंतीला हात टेकून आणि पुढे जमिनीवर दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. पहिल्या आठवड्यात आठ-आठच्या दोन फेऱ्या. सहज जमू लागल्या की थोडी भर. एका दिवसाच्या व्यायामानंतर एक दिवस विश्रांती, कारण स्नायू वाढतो तो विश्रांतीत. नुसते चालणे हृदयाला हितकर असले, तरी स्नायू वाढविण्यास अपुरे आहे.

यासाठी वेळ कोठून आणावा? सूर्योदय आणि नवकारशी यांमधील ४८ मिनिटे रिकामीच असतात. त्यांत व्यायाम केला की लगेच न्याहारी, आणि व्यायामानंतरचे प्रथिनयुक्त खाणे आपोआप साधते. मात्र त्या काळात पाणीही घेत नसाल, तर उन्हाळ्यात व्यायाम हलका ठेवावा किंवा नवकारशीनंतर करावा.

उत्साहाची खतावणी

पहिले दहा दिवस सर्वांनाच जोर असतो. खरी कसोटी सहाव्या आठवड्यात लागते, जेव्हा आरसा काहीच नवे सांगत नाही. व्यापारी माणूस विक्री मंदावली म्हणून दुकान बंद करीत नाही, रोजमेळ उघडून पाहतो. तसेच येथे करावे. एक छोटी वही घ्यावी. रोज दोनच नोंदी: मधले खाणे झाले का, व्यायाम झाला का. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटी. रोज काट्यावर चढणाऱ्याचे मन काट्यासारखेच हेलकावते. एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नको, नेहमीइतकेच.

आपल्याकडे त्यागाचे नियम घेण्याची सुंदर प्रथा आहे. करण्याचा नियमही घेता येतो. 'या महिन्यात एकही दिवस डबा एकनंतर उघडणार नाही' हा लहानसा नियम मोठ्या संकल्पापेक्षा अधिक टिकतो. घरच्यांनीही 'काडी', 'सुकडी' ही टोपणनावे विसरावीत. चेष्टेने वजन वाढत नाही, फक्त माणूस चारचौघांत जेवायला लाजू लागतो.

तप आणि शक्ती

एक प्रश्न नाजूक आहे. ऊनोदरी हे तप मानणाऱ्या धर्मात वजन वाढविण्याचा प्रयत्न विसंगत ठरतो का? सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' ही एक भावना आहे, शक्तीनुसार तप. शक्तीची जोपासना त्यात गृहीतच आहे. वर्षभर कायोत्सर्गात उभ्या राहिलेल्या बाहुबलींच्या नावातच बाहूंचे बळ आहे. म्हणून कृश व्यक्तीने, आणि विशेषतः गर्भवती किंवा स्तनदा मातेने, दीर्घ उपवासापूर्वी गुरुमहाराज आणि डॉक्टर, दोघांनाही विचारावे. मोठ्या उपवासाचे पारणे मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या अन्नाने, हळूहळू करावे. एकदम पोटभर खाणे धोक्याचे असते. पर्युषणात उतरलेले वजन पुढील काही आठवड्यांत, त्याच वहीच्या आधारे, परत मिळविता येते.

शेवटी एकच विनंती. आज संध्याकाळी घड्याळाकडे नव्हे, ताटांकडे पाहा. सूर्य मावळण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचे ताट वाढलेले आहे ना, आणि सर्वांना वाढणारीही त्यांच्याबरोबर जेवायला बसली आहे ना?