ओटी भरली, आता पुढची तपासणी कुठे?

रेडिओजवळ बसला असाल तर सासूबाईंना, आईला आणि घरात कोणी पोटुशी असेल तर तिलाही हाक मारा. आजचं बोलणं सातव्या महिन्यानंतरच्या तपासणीविषयी आहे. ते एकटीनं ऐकून भागायचं नाही, कारण त्या दिवसांतले निर्णय एकटी बाई घेत नसते.

सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि पहिलटकरणीला माहेरी धाडायचं, ही आपली रीत. रीत चांगलीच आहे. पोरीला विसावा मिळतो, आईच्या हातचं खायला मिळतं. पण या रीतीत एक फट राहते. तिचं नाव नोंदलेलं असतं सासरच्या गावात. तिथल्या आशाताईंना तिची तारीख पाठ असते, तिथल्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये तिचं बीपी लिहिलेलं असतं. माहेरच्या आशाताईंना मात्र ती आल्याचं कोणी सांगतच नाही. सासरची ताई म्हणते, "ती माहेरी गेली." माहेरची ताई म्हणते, "माझ्या यादीत नाही." या दोन वाक्यांच्या मध्ये दीड-दोन महिने निघून जातात.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईचंही तेच. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडलं, कोपीवर मुक्काम पडला, की तपासणी सुटली.

आणि नेमके हेच महिने तपासणी जवळजवळ व्हायला हवी असते. आपल्या सरकारी कार्यक्रमात गरोदरपणात किमान चार तपासण्या सांगितल्या आहेत. त्यातली तिसरी २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या महिन्यात, आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर, म्हणजे नववा लागल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली किमान आठ भेटी सांगितल्या. त्या आठांपैकी पाच तिसाव्या आठवड्यापासून पुढच्या आहेत. याचा अर्थ सरळ आहे. दिवस भरत येतील तसं तपासायला लवकर लवकर जायचं.

शेवटच्या महिन्यांत काय बिघडतं?

पहिलं म्हणजे बीपी. पाचव्या महिन्यानंतर काही जणींचं बीपी वाढायला लागतं. सुरुवातीला काही दुखत नाही, खुपत नाही. बाई शेतात जाते, भाकरी थापते, सगळं नीट चाललेलं असतं. म्हणून ते यंत्र लावूनच कळतं. वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त आला, तर ते वाढलेलं बीपी. त्याबरोबर लघवीत प्रथिनं जात असतील तर धोका मोठा. पुढे डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा आणि हात सुजतात, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर झटके येतात. असे झटके आले की घरात अंगात आलं, बाहेरचं झालं म्हणून वेळ घालवला जातो. तो बीपीचा आजार असतो आणि त्याला औषध आहे.

दुसरं म्हणजे रक्त. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे आणि ७ च्या खाली असेल तर फारच कमी. बाळंतपणानंतर थोडं रक्त जातंच. ज्या बाईच्या अंगात रक्त पुरेसं आहे ती ते सोसते. जिच्या अंगात मुळातच कमी आहे तिला तेवढ्यानंही धोका होतो. गोळ्यांनी रक्त वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून नववा लागल्यावर "आता घेते गोळ्या" म्हणून उपयोग नाही. उशीर झालाच असेल तर डॉक्टर शिरेतून लोहाचं औषध देऊ शकतात किंवा रक्त चढवू शकतात. पण त्यासाठी आधी कळायला तर हवं. आणि गोळ्यांनी बाळ मोठं होऊन अडतं, ही समजूत खरी नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मात्र एकदम घेऊ नये, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवावं.

तिसरं म्हणजे बाळ कसं आहे. सातव्या महिन्यात बाळ पायाळू असलं तरी पुष्कळदा ते आपोआप फिरतं. पण ३६ आठवडे झाल्यावरही डोकं खाली नसेल, बाळ आडवं असेल, तर बाळंतपण कुठे करायचं ते तेव्हाच ठरवावं लागतं. कळा सुरू झाल्यावर ते कळून फायदा नाही.

सिस्टर कोणतं काम करतात, तज्ज्ञ कोणतं?

पुष्कळ जणी म्हणतात, "सिस्टर बघतात की, मग डॉक्टर कशाला?" तर काही जणी म्हणतात, "मोठ्या डॉक्टरांची सोनोग्राफी झाली, आता सिस्टरकडे कशाला जाऊ?" दोन्ही अपुरं आहे.

उपकेंद्राच्या सिस्टर म्हणजे आरोग्यसेविका. वजन, बीपी, लघवी, हिमोग्लोबिन, पोटावर हात ठेवून बाळाची वाढ आणि ठेवण पाहणं, बाळाचे ठोके ऐकणं, ही त्यांची कामं. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पोटाला हात न लावता नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवलं, तर ती तपासणी झालीच नाही असं समजा आणि नम्रपणे म्हणा, "सिस्टर, पोट तपासून घ्या ना, ठोकेही बघा." हे मागणं म्हणजे भांडण नव्हे.

प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर साधं बाळंतपण करू शकतात, बीपीवर उपचार सुरू करू शकतात. पण बहुतेक ठिकाणी ते स्त्रीरोगतज्ज्ञ नसतात. सिझर करायचं तर तीन गोष्टी लागतात. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूल देणारे डॉक्टर आणि रक्ताची सोय. तिन्ही एका जागी ग्रामीण रुग्णालयात असतीलच असं नाही. उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात मिळण्याची शक्यता जास्त. आपल्या भागात तिन्ही सोयी एकत्र कुठे आहेत, हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. वाटेत दोन दवाखाने फिरण्यात जो वेळ जातो तोच जिवावर बेततो.

तज्ज्ञांनी एकदा तरी सगळ्यांनाच बघावं. पण काही जणींनी तर नक्कीच तिथे जायचं: आधी सिझर झालेली, आधी मूल पोटातच गेलेली, जुळी असलेली, बीपी किंवा साखर वाढलेली, हृदयाचा आजार असलेली, सिकलसेल असलेली, हिमोग्लोबिन फार कमी असलेली, बाळ पायाळू किंवा आडवं असलेली, सोनोग्राफीत "वार खाली आहे" असं सांगितलेली, अठराच्या आतली किंवा पस्तिशीच्या पुढची. रक्तगट निगेटिव्ह असेल तर सातव्या महिन्याच्या सुमाराला एक इंजेक्शन लागतं, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. हे डॉक्टरांना आठवणीनं विचारा. दिलेली तारीख उलटून आठवडा झाला आणि कळा नाहीत, तर "येतील आज-उद्या" म्हणत घरी थांबू नका.

महिन्याची ९ तारीख

तज्ज्ञ गाठायचे कुठे? त्यासाठी २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान सुरू आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ९ तारखेला सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. जोखीम आढळली तर कार्डावर लाल खूण लावतात. लाल खूण पाहून घाबरायचं नाही आणि ती लपवायचीही नाही. ज्याच्या हातात कार्ड पडेल त्याला एका नजरेत कळावं, म्हणून ती असते.

खर्चाचं म्हणाल तर २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, तिथलं जेवण आणि ये-जा, सगळं मोफत. वरच्या दवाखान्यात पाठवलं तर तिथवरची गाडीही मोफत. पैसे मागितले तर पावती मागा, आणि १०४ या आरोग्य क्रमांकावर सांगा. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे क्रमांक घराच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलेत तरी चालेल, पण लिहून ठेवा. दुर्गम आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांना जोडून माहेरघर आहे. तारीख जवळ आली की काही दिवस आधी तिथे मुक्कामाला जाता येतं. पावसाळ्यात नदी-ओढा आडवा येणाऱ्या पाड्यांनी याची चौकशी जरूर करावी.

फट कशी बुजवायची?

ओटीच्या ताटात नारळ, तांदूळ, खण असतोच. त्याबरोबर माता व बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे सगळे कागदही पोरीच्या पिशवीत जाऊ द्या. ते ट्रंकेत राहू देऊ नका. निघण्यापूर्वी सासरच्या आशाताईंना सांगा आणि त्यांना माहेरच्या आशाताईंना फोन करायला लावा. माहेरी पोचल्यावर आठ दिवसांच्या आत तिथल्या सिस्टरकडे एकदा तपासून घ्या. नाव दुसरीकडे नोंदलेलं आहे म्हणून तपासणी नाकारता येत नाही. कार्डावरचा नोंदणी क्रमांक त्यांना दाखवा, पुढची नोंद त्यावर होते. ऊसतोडीला जाणारीनंही कार्ड बरोबर घ्यावं आणि पोचल्यावर जवळचं आरोग्य केंद्र शोधून ठेवावं.

तपासणी झाल्यावर "सगळं नॉर्मल आहे" एवढ्यावर उठू नका. चार प्रश्न विचारा. बीपी किती? रक्त किती? बाळाचं डोकं खाली आहे का? आणि माझं बाळंतपण कुठे करायचं? उत्तरं कार्डावर लिहून घ्या. स्वतःला वाचता येत नसेल तर बरोबर नेलेल्या मुलीला वाचायला सांगा. वरच्या दवाखान्यात पाठवलं तर चिठ्ठी घ्या आणि विचारा, "पुढे फोन केलात का?" फोन गेला असेल तर तिथे दारातच खोळंबा होत नाही.

कशासाठी थांबायचं नाही?

अंगावरून रक्त जाणं, मग ते थोडं असो की जास्त. कळा नसताना पाणी जाणं. डोकं फार दुखणं, अंधुक दिसणं. चेहरा-हात सुजणं. झटके. जास्त ताप. धाप लागणं. न थांबणारी पोटदुखी. आणि बाळाची हालचाल कमी होणं. "नवव्यात बाळाला जागा कमी पडते म्हणून ते हलत नाही," असं जुन्या बाया सांगतात. ते खरं नाही. हालचालीची तऱ्हा थोडी बदलते, पण बाळ हलायचं कमी होत नाही. शंका आली तर काही खाऊन डाव्या कुशीवर शांत पडा आणि मोजा. दोन तासांत दहा वेळा हललं नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

आता सासूबाई आणि आईंसाठी थोडं. बाळंतपणात बायका दगावतात त्यामागे तज्ज्ञ तीन उशीर सांगतात. घरी निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर आणि तिथे उपचार मिळायला उशीर. तिसरा उशीर दवाखान्याच्या हातात आहे, पण पहिला सर्वस्वी आपल्या घरातला. "पहिलटकरणीला वेळ लागतोच," "तो कामावरून येऊ दे, मग जाऊ," यात तास जातात. तेव्हा नवरा घरी नसेल तर निर्णय कोण घेणार, हे आजच ठरवा. आणि पोरगी "मला बरं वाटत नाही" म्हणाली, तर तिचा शब्द पुरेसा माना.

महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात दर १ लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता. आपल्याकडे सुधारणा झाली ती अशाच तपासण्यांनी आणि वेळेवर गाठलेल्या दवाखान्यांनी. पण उरलेल्या ३३ जणीही कोणाच्या तरी लेकी होत्या.

म्हणून या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक पान उघडा. वस्तीत सातवा लागलेल्या किती, माहेरी आलेल्या किती, प्रत्येकीची तारीख कोणती, बरोबर कोण जाणार, रात्री गाडी कोणाची, रक्त द्यायला कोण तयार, हे लिहून काढा. गटातून अडीअडचणीला कर्ज देता, तशी थोडी रक्कम बाळंतपणासाठी वेगळी काढा, कारण दवाखाना मोफत असला तरी बरोबरच्या माणसाचा खर्च होतोच. पान तयार झालं की आशाताईंना बोलावून दाखवा. आणि ९ तारखेला त्यातल्या दोघी-तिघींना घेऊन एकाच गाडीनं निघा.