व्हिडिओ खेळ : चर्चा, प्रश्न आणि उत्तरे

भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत मोबाइल फोन आता घरोघरी दिसतो आणि त्याच्याबरोबर व्हिडिओ खेळही खेड्यापाड्यांत पोहोचले आहेत. शाळा सुटल्यावर पारावर किंवा बसथांब्यावर जमलेली मुले नुकत्याच खेळलेल्या खेळांविषयी हिरिरीने बोलतात. कोणी कोणती पातळी गाठली, कोणाच्या चमूने बाजी मारली, नवा खेळ कोणता आला, हे त्यांच्या चर्चेचे विषय असतात. या चर्चेत पालक, शिक्षक वा पंचायत सदस्य क्वचितच सहभागी होतात. परिणामी मुलांच्या शंकांना उत्तरे देणारीही मुलेच असतात.

श्रोतृमंडळांचा अनुभव

महाराष्ट्राला अशा प्रश्नोत्तरांची परंपरा नवी नाही. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात असल्याने या प्रयोगात नव्हता. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, शंका केंद्राकडे कळवाव्यात आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे मिळावीत, अशी ती पद्धत होती. केवळ उपदेश ऐकण्यापेक्षा चर्चेतून माहिती अधिक चांगली रुजते, हा त्या प्रयोगाचा बोध होता. व्हिडिओ खेळांच्या बाबतीतही हीच पद्धत उपयुक्त ठरेल. अशा बैठकीत हमखास उपस्थित होणाऱ्या काही प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

सर्वच खेळ घातक आहेत काय?

नाही. कोडी, बुद्धिबळ, शर्यती यांसारखे खेळ मर्यादेत खेळल्यास ते करमणुकीचेच साधन होय. पैसे लावून खेळावयाचे खेळ मात्र निराळे. संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने ई-क्रीडा, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असे तीन प्रकार मानले असून तिसऱ्या प्रकारास मनाई केली आहे. तो खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद येथे विचारात घेतला जात नाही. असे खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर नाही. म्हणून फसलेल्या तरुणाने भीतीपोटी गप्प राहण्याचे कारण नाही.

खेळ फुकट असता पैसे कसे जातात?

अनेक खेळ विनामूल्य मिळतात. परंतु त्यांतील नाणी, पोशाख वा शस्त्रे विकत घ्यावी लागतात. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवल्यामुळे 'आणखी एकदा' खेळण्याची ओढ वाढते. वडिलांच्या फोनवर बँकेचे खाते जोडलेले असेल आणि गुप्त क्रमांक मुलास ठाऊक असेल, तर धान विकून आलेली रक्कमही थोडी थोडी करून नाहीशी होऊ शकते. गुप्त क्रमांक मुलांना न सांगणे हा सर्वांत सोपा उपाय. फसवणूक झाल्यास विलंब न लावता बँकेस कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नाद आणि आजार यांत फरक कोणता?

सुट्टीत दोन तास अधिक खेळणे म्हणजे आजार नव्हे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात खेळण्याच्या विकाराची तीन लक्षणे दिली आहेत : खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळास अधिक महत्त्व येणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे. हे वर्तन साधारणतः बारा महिने दिसून आल्यास निदान केले जाते. झोप, अभ्यास व जेवण यांची घडी विसकटत असेल, तर मात्र इतका काळ वाट पाहू नये. १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

पंचायतीने काय करावे?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. गावाने एकत्रितपणे ठरविल्यास नियम पाळता येतो, हे त्यातून दिसले. परंतु नियमाच्या जोडीला संवादही हवा. शाळेत किंवा बालसभेत महिन्यातून एकदा मुलांनीच आपल्या खेळांची माहिती सांगावी, नाव न लिहिता चिठ्ठ्यांवर प्रश्न द्यावेत आणि शिक्षक, आरोग्यसेवक व पोलीस कर्मचारी यांनी त्यांची उत्तरे द्यावीत. तत्काळ उत्तर न देता येणारे प्रश्न पुढील बैठकीसाठी राखून ठेवावेत. यासाठी वेगळ्या निधीची वा इमारतीची गरज नाही. मात्र मुलगा खरे बोलला म्हणून त्याला रागावले जाणार नाही, एवढी हमी मोठ्यांनी दिली पाहिजे. ती मिळाली, तर पैसे गेल्याची किंवा झोप उडाल्याची गोष्ट नुकसान वाढण्यापूर्वीच घरात कळू शकेल.