हळदणकरांचा दिवा आणि रविवर्म्यांचे नाव : एका जलरंगचित्राविषयी

दीपस्तंभ असो, देव्हाऱ्यातील समई असो वा तळहाताच्या आडोशाने जपलेली ज्योत असो, प्रकाश देणारी वस्तू चितारणे ही चित्रकारापुढील जुनी अडचण आहे. रंगाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्यावर पडलेला प्रकाशच तो परत पाठवितो. त्यामुळे चित्रातील शुभ्रातिशुभ्र ठिपकाही प्रत्यक्ष ज्योतीच्या तुलनेत निस्तेजच राहतो. ज्योतीचा भास निर्माण होतो तो तिच्याभोवतीच्या छायेच्या योजनेमुळे. महाराष्ट्रात ही अडचण ज्यांनी विलक्षण सहजतेने सोडविली त्यांमध्ये सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ (१९४५-४६) या चित्राचे स्थान वरचे आहे. मात्र हेच चित्र असंख्य रसिकांच्या मनात राजा रविवर्मा यांचे तैलचित्र म्हणून ठसलेले आहे. या समजुतीत चित्रकारही चुकतो आणि माध्यमही. ही चूक कशी रूढ झाली व तिचे परिणाम कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हळदणकरांचा जन्म १८८२ मध्ये सावंतवाडी येथे झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था सुरू केली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांमध्येही त्यांचा समावेश होता. तैलरंगातील व्यक्तिचित्रणात ते निष्णात होतेच. परंतु जलरंगावरील त्यांचे प्रभुत्व अधिक दुर्मीळ होय. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले.

‘ग्लो ऑफ होप’मध्ये साडी नेसलेली एक स्त्री हाती पितळी दिवा घेऊन उभी आहे. या चित्रासाठी हळदणकरांची कन्याच दिवा धरून उभी राहिली होती. ज्योतीवर धरलेल्या बोटांमधून प्रकाश झिरपतो आणि बोटांच्या कडा तांबूस होतात. संपूर्ण चित्राचे मर्म या काही इंचांत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे चित्र म्हैसूर येथील जगनमोहन राजवाड्याच्या चित्रसंग्रहात आहे. रविवर्म्यांची गायक-वादक स्त्रियांचा समूह दाखविणारी प्रसिद्ध कलाकृतीही याच संग्रहात असल्याने प्रेक्षकांचा घोटाळा होणे स्वाभाविक आहे. परंतु कारण एवढेच नाही. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविलेल्या छापखान्यातील चित्रे घरोघरी पोहोचली. परिणामी ‘साडीतील सुंदर स्त्री म्हणजे रविवर्मा’ असे समीकरण दृढ झाले. रविवर्म्यांचे निधन १९०६ मध्ये झाले, म्हणजे हे चित्र रंगविले जाण्यापूर्वी सुमारे चार दशके! एका साध्या सनावळीने जी शंका फिटावी, ती लोकप्रियतेपुढे टिकत नाही.

माध्यमाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तैलरंगात चित्रकार सामान्यतः गडद छटांकडून उजळ छटांकडे जातो. जवसाच्या तेलात कालविलेला रंग हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सावकाश वाळतो. तोपर्यंत तो पुसता येतो, नंतरही त्यावर नवा थर देता येतो. ज्योत सर्वांत शेवटी, पांढऱ्या-पिवळ्या रंगाच्या जाड फटकाऱ्याने काढता येते. पारदर्शक जलरंगाची रीत नेमकी उलट. तेथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. सर्वांत तेजस्वी जागा आधीच ठरवून ती राखावी लागते आणि भोवतीचा अंधार थराथराने चढवावा लागतो. राखलेल्या जागेवर एकदा गडद रंग पसरला की मूळचे तेज सहसा परत मिळत नाही. या चित्राला तैलचित्र म्हणणे म्हणजे त्यातील सर्वांत अवघड कामगिरीच नाकारणे होय.

युरोपातही असे घडले आहे. फ्रान्सच्या सरहद्दीवरील लोरेन प्रांतातील चित्रकार जॉर्ज द ला तूर (१५९३-१६५२) मेणबत्तीच्या प्रकाशातील तैलचित्रांसाठी आज विख्यात आहे. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील त्याच्या ‘संत जोसेफ सुतार’ या चित्रातही ज्योतीआड धरलेल्या बालकाच्या बोटांतून प्रकाश पाझरतो. तरीही मृत्यूनंतर त्याचे नाव विस्मरणात गेले व त्याची चित्रे इतरांच्या नावावर गणली जाऊ लागली. १९१५ मध्ये हेरमान फॉस या जर्मन अभ्यासकाने काही चित्रे त्याचीच असल्याचे दाखवून दिले, तेव्हा त्याच्या पुनर्शोधास प्रारंभ झाला. प्रादेशिक चित्रकाराचे नाव हरवण्यास दर्जाची उणीव लागत नाही. शेजारी अधिक प्रसिद्ध नाव असणे पुरते.

चुकीच्या नोंदीचा परिणाम केवळ श्रेयापुरता नसतो. तैलचित्रांसाठी साधारणतः २०० लक्सपर्यंतचा प्रकाश चालतो, तर कागदावरील जलरंगासाठी ५० लक्सची मर्यादा पाळण्याचा संग्रहालयांचा प्रघात आहे. कारण प्रकाशाने त्यातील रंग विटतात व ते पूर्ववत करता येत नाहीत. दिव्याचे चित्र दिव्यानेच विटावे, असा हा विचित्र योग.

चिमूर, चंद्रपूर, गडचिरोली परिसरातील महाविद्यालयांत वा जुन्या घरांत जी चित्रे टांगलेली आहेत, त्यांची नोंद करतानाही माध्यमाची तपासणी प्रथम करावी. बाजूने तिरपा प्रकाश टाकल्यास तैलरंगातील फटकाऱ्यांचे उंचवटे व भेगा दिसतात. जलरंगात कागदाचा पोत, क्वचित शिसपेन्सिलीची रेषा आढळते. भिंगाखाली सुटे सुटे रंगबिंदू दिसले तर ती छापील प्रत समजावी. जुन्या तैलमुद्रितांवर कापडासारखा पोत दाबलेला व वर वार्निश चढविलेले असे, म्हणून केवळ चकाकीवर विसंबू नये. चौकटीची मागील बाजू, तेथील चिठ्ठी, दुकानाचा शिक्का व हस्ताक्षर यांचे छायाचित्र चौकट उघडण्यापूर्वीच काढून ठेवावे. सफाईत प्रथम नष्ट होतात त्या याच गोष्टी.