लेबलं दोनशेच हवीत? तरी छापून मिळतात

माण-खटावपासून तासगाव-जतपर्यंत गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा मालाच्या चवीबद्दल तक्रार क्वचितच ऐकू येते. हळद चांगली असते, बेदाणा चांगला असतो, भडंग तर घरच्यांपासून लपवून ठेवावा लागतो. अडतं ते पाकिटापाशी. दुकानदार माल हातात घेतो, उलटून बघतो आणि म्हणतो, "ताई, लेबल नीट करून आणा, मग ठेवतो." नीट लेबल करायला प्रेसमध्ये गेलं की तिथे ऐकायला मिळतं, "कमीत कमी दहा हजार घ्यावी लागतील." वीस किलो हळद करणाऱ्या गटाने दहा हजार लेबलं घेऊन करायचं काय? आजचं बोलणं याच अडचणीवर आहे. आता त्यातून वाट निघते, तिला डिजिटल छपाई म्हणतात.

छपाई आपल्या भागाला नवी नाही. मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिक निघू लागलं, आपल्या आज्या-पणज्यांपैकी ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ते वाचलं असेल. पण तांब्याचा पत्रा काय किंवा नंतरची ऑफसेटची प्लेट काय, पद्धत एकच: आधी साचा करायचा, मग त्यावरून छापायचं. रांगोळीच्या छापासारखंच आहे हे. चार रंग हवे असतील तर चार प्लेटा लागतात. चकचकीत प्लॅस्टिकच्या पाऊचवर थेट छापायचं असेल तर बहुतेक वेळा प्रत्येक रंगाला एक कोरीव सिलिंडर लागतो, तो महाग असतो आणि तुमच्या डिझाइनशिवाय दुसऱ्या कशाला उपयोगी पडत नाही. म्हणून प्रेसवाले मोठी ऑर्डर मागतात. त्यात त्यांचा हट्ट नसतो, साच्याचा खर्च कुठेतरी वसूल व्हायला हवा.

डिजिटल छपाईत साचाच नाही. संगणकातली फाईल सरळ यंत्रात जाते आणि शाई किंवा टोनर कागदावर उतरतो. इस्रायलच्या इंडिगो कंपनीने १९९३ साली अशी रंगीत छपाईची यंत्रं बाजारात आणली. पुढे २००२ मध्ये एचपीने ती कंपनी घेतली. आता निरनिराळ्या कंपन्यांची वेगवान यंत्रं आली आहेत. या वेगाचा आपल्याला उपयोग असा, की प्लेटा करणं आणि यंत्र जुळवणं यात जाणारे दिवस वाचतात. आणखी एक फायदा आहे, तो आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. पहिलं लेबल हळदीचं, दुसरं मिरची पावडरचं, तिसरं काळ्या मसाल्याचं असलं तरी यंत्राला फरक पडत नाही. एकाच ऑर्डरीत सहा वस्तूंची दोनशे-दोनशे लेबलं काढता येतात. संक्रांतीला तिळगुळाची शंभर, दिवाळीला फराळाच्या डब्यांची दीडशे, असंही.

मग ऑफसेट सोडून द्यायचं का? नाही. जरा वहीत मांडून बघू. आकडे हिशोब समजण्यापुरते आहेत, दर तुमच्या प्रेसमधून घ्या. समजा ऑफसेटला तयारीचा खर्च ६,००० रुपये आणि पुढे प्रत्येक स्टिकरला ६० पैसे. डिजिटलला तयारीचा खर्च शून्य, पण प्रत्येक स्टिकर ३ रुपये. पाचशे स्टिकर काढले तर ऑफसेटचे ६,३०० होतात, डिजिटलचे १,५००. अडीच हजारांना दोन्हीकडे ७,५००, म्हणजे बरोबरी. दहा हजारांना ऑफसेटचे १२,००० आणि डिजिटलचे ३०,०००. इथवर ऑफसेटच स्वस्त दिसतं. पण त्या दहा हजारांपैकी वर्षात चारच हजार खपले तर? १२,००० भागिले ४,०००, म्हणजे प्रत्येकी ३ रुपयेच पडले की! उरलेले सहा हजार माळ्यावर. म्हणून छापलेली संख्या धरू नका, वर्षात खरोखर खपणारी धरा. गटाच्या विक्री वहीत ती असते.

माळ्यावरच्या ढिगाची गोष्ट खरी आहे. एका गटाने अंतर्गत कर्ज काढून दहा हजार छापील पाऊच घेतले होते. वर्षाच्या आत वजन बदललं, संपर्काचा फोन बदलला. पाऊच समाजमंदिरातल्या कपाटात पडून राहिले आणि हप्ते मात्र सगळ्याजणी भरत राहिल्या. किंमत बदलली की असंच होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद फरसाण, जॅम अशा वस्तूंवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि ज्यांच्या पाकिटांवर जुनी एमआरपी छापून तयार होती त्यांची धावपळ उडाली. लक्षात ठेवा, एमआरपी वाढवून वर दुसरा स्टिकर चिकटवणं नियमात बसत नाही. कमी करायची असेल तर स्टिकर लावता येतो, तोही जुनी किंमत न झाकता.

आमचं मत विचाराल तर सुरुवातीला छापील पाऊचच्या नादी लागूच नये. तयार कोरे पाऊच आणावेत आणि त्यावर डिजिटल स्टिकर लावावा. कोणत्या मालाला कोणता पाऊच हे मात्र बघावं लागतं. हळदीचा रंग उजेडाने उडतो, म्हणून तिला पारदर्शक पाकीट नको; ग्राहकाला रंग दाखवायचाच असेल तर मागच्या बाजूला छोटी खिडकी पुरे. भडंग आणि चिवडा दमट हवेत मऊ पडतो, त्याला आतून चांदीसारखा थर असलेला पाऊच हवा. बेदाण्याला झिपचा पाऊच बरा, कारण तो एका दिवसात संपत नाही. लोणच्याच्या बरणीवर कागदी स्टिकर लावला तर तेलाने आठ दिवसांत त्याची रया जाते, तिथे प्लॅस्टिक फिल्मचा किंवा लॅमिनेशन केलेला स्टिकरच घ्या. टोनरची छपाई घडीवर तडकते, म्हणून खोक्याच्या दुमडणाऱ्या कडेवर अक्षरं नकोत. छापलेली बाजू खाण्याच्या मालाला कधीही लागता कामा नये. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई आहे, तीही त्या शाईमुळेच.

आता लेबलावर काय हवं? पदार्थाचं नाव, घटक (जास्त प्रमाणातला आधी), निव्वळ वजन, सर्व करांसहित एमआरपी, एक ग्रॅमला किंवा एक किलोला किती पडतात ती किंमत, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, बॅच क्रमांक, गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. तारीख, बॅच आणि किंमत यांची जागा कोरी सोडा आणि ते भरायला गटात एक छोटा थर्मल प्रिंटर ठेवा. त्यातही रिबनवाला बघा. बिनरिबनवाल्याची अक्षरं उन्हात फिकी होतात.

नावाबाबत एक सावधगिरी. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण म्हणून जीआयचं चिन्ह आपल्या लेबलावर टाकता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

प्रूफ बघायला गटातल्या दोघीतिघींनी जावं, त्यातली एक तरी सावकाश वाचणारी असावी. मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या सरकतात, रफार उडतो. डीटीपीवाल्याला सांगा, "दादा, अक्षरं कर्व्ह करून पीडीएफ द्या." मग ती हलत नाहीत. फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की त्याची प्रत उतरते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाईलवर दिसतो तो पिवळा आणि कागदावर उतरतो तो पिवळा एक नसतात, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि प्रेस चार शाया मिसळून. यंत्र लगेच एक प्रत काढून देऊ शकतं, तर ती मागून घ्या, खऱ्या पाऊचवर चिकटवा आणि बाहेर उन्हात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं.

स्टॉलच्या सजावटीलाही हीच छपाई कामी येते. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात एका रांगेत कितीतरी स्टॉल असतात, आणि गिऱ्हाईक चालता चालता बघतं. तिथे पाच फुटी फ्लेक्सवर सगळ्या सभासदांचे आणि पुढाऱ्यांचे फोटो टाकून काही साधत नाही (हे बोलल्याबद्दल आम्हाला बोलणी बसतील, बसू देत). डोळ्याच्या उंचीवर वस्तूचं नाव आणि गाव मोठ्या अक्षरांत हवं. गुंडाळून नेता येते अशी एक स्टँडी, टेबलापुढे छापील कापड आणि किमतीच्या सनबोर्डच्या लहान पाट्या एवढ्यावर भागतं. कापड धुऊन पुढच्या वर्षी वापरता येतं. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा स्वस्तातला फ्लेक्स घेताना विचारून घ्या. दुकानात ठेवायला दिलात तर पुठ्ठ्याचा छोटा काउंटर बॉक्स करून द्या. मोकळी पाकिटं दुकानदार कुठेही ढकलतो, बॉक्स मात्र गल्ल्याशेजारी ठेवतो.

हल्ली गावोगाव यंत्र विकणारेही फिरतात: "ताई, लेबल मशीनच घ्या, कर्ज होतंय." घेऊ नका. शाई, देखभाल आणि चालवणारी मुलगी यांचा खर्च दहा-वीस गटांचं काम असल्याशिवाय निघत नाही. प्रभाग संघाने सगळ्या गटांची ऑर्डर एकत्र करून एकाच प्रेसला द्यावी, दर तिथेच उतरतो. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत, जी २०२० साली सुरू झाली, गटांच्या एकत्रित ब्रँडिंग-मार्केटिंगला खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद केलेली आहे. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा, आणि जाताना प्रेसचं लेखी कोटेशन बरोबर ठेवा.

दिवाळीची लेबलं गणपतीतच सांगून ठेवा, नवरात्रानंतर प्रेसमध्ये उभं राहायला जागा नसते. आणि काम झालं की डिझाइनची मूळ फाईल मागून घ्या. पैसे गटाने दिलेत, फाईल गटाची आहे. ती एका पेनड्राइव्हवर आणि गटाच्या ईमेलवर ठेवा, म्हणजे सचिव बदलली किंवा प्रेस बदलला तरी पुढची दोनशे लेबलं कुठूनही काढता येतील.