कोडिंगचा क्लास? आधी मिठाच्या पाण्यात टाका!

समजा, तुमचं घर भोरजवळच्या उत्रोलीत आहे. जून लागलाय. पहिला पाऊस येऊन गेलाय आणि अंगणात बाबा भाताच्या बियाण्याची तयारी करताहेत. एवढ्यात ताई मोबाइल नाचवत बाहेर येते. यंदाच ती पदवी पास झालीये.

"बाबा, हे बघा! सहा महिन्यांत कोडिंग शिका, नोकरीची शंभर टक्के हमी! फी फक्त साठ हजार. आज रात्री बारापर्यंत नाव घातलं तर दहा हजार सूट!"

अंगणात एकदम शांतता. साठ हजार म्हणजे काय, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण ताईच्या डोळ्यांतली चमकही सगळ्यांना दिसते. "नको" म्हणावं तर पोरीचं नशीब आपणच अडवलं, असं आयुष्यभर वाटत राहणार. "हो" म्हणावं आणि क्लास फसवा निघाला तर? मग पैसेही गेले आणि वर्षही गेलं.

अशा वेळी काय करायचं? गंमत म्हणजे याचं उत्तर बाबांच्या समोरच्या बादलीत आहे!

बादलीत काय आहे?

भोर-वेल्ह्याकडचे शेतकरी भाताचं बी तरव्यात टाकण्याआधी काय करतात, पाहिलंय कधी? १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात बी सोडायचं. पोचट, हलकं बी वर तरंगतं. ते काढून टाकायचं. तळाशी बसतं ते भरलेलं, वजनदार बी. ते दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि मगच पेरायचं. वरून पाहिलं तर दोन्ही दाणे सारखेच दिसतात. कोणता भरलेला आणि कोणता पोचट, ते मिठाचं पाणी सांगतं.

क्लासच्या जाहिरातींचंही तसंच आहे. सगळ्याच चकचकीत! मग त्याही मिठाच्या पाण्यात टाकून बघू या की.

'बूटकॅम्प' म्हणजे काय रे भाऊ?

'बूटकॅम्प' हा मुळात लष्करातला शब्द. नव्या जवानांना थोड्या आठवड्यांत कडक शिक्षण देऊन तयार करतात, ती छावणी. त्यावरून थोड्या महिन्यांत संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला शिकवणाऱ्या महागड्या वर्गांनाही तेच नाव पडलं. २०१२ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला 'डेव्ह बूटकॅम्प' सुरू झाला आणि मग अशा वर्गांची लाटच आली. काही मुलं त्यातून खरोखर चांगल्या कामाला लागली, हेही सांगायला हवं. पण तो पहिल्या फळीतला 'डेव्ह बूटकॅम्प' २०१७ साली बंद झाला.

आणखी एक गोष्ट ऐका. अमेरिकेतच 'लॅम्डा स्कूल' नावाची शाळा होती. पुढे तिनं 'ब्लूमटेक' असं नाव घेतलं. "आमच्याकडच्या ७१ ते ८६ टक्के मुलांना नोकऱ्या लागतात," असं ती जाहिरातीत सांगायची. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारी ग्राहक-संरक्षण कार्यालयानं तिच्यावर कारवाई केली. तेव्हा कळलं, की शाळेच्या स्वतःच्या नोंदींत हा आकडा ५० टक्क्यांच्या आसपास होता. काही तुकड्यांचा तर फक्त ३० टक्के!

म्हणजे पोचट दाणे सातासमुद्रापलीकडेही असतात बरं का!

आणि आपल्याकडे?

आपल्याकडची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. तुमच्यापैकी मोठ्या मुलांना २०२० सालचा लॉकडाउन आठवत असेल. शाळा बंद, सगळे घरात. त्या वेळी मुंबईच्या 'व्हाइटहॅट ज्युनियर' या कंपनीच्या जाहिराती सगळीकडे झळकत होत्या. लहान मुलांना घरबसल्या कोडिंग शिकवणारी ही कंपनी २०१८ साली निघाली होती. २०२० च्या ऑगस्टमध्ये 'बायजूज'नं ती ३० कोटी डॉलरना विकत घेतली.

तिच्या जाहिरातींत 'वुल्फ गुप्ता' नावाचा एक मुलगा होता. कोडिंग शिकला आणि गूगलमध्ये कोट्यवधींच्या पगारावर लागला म्हणे! पण एका जाहिरातीत त्याचं वय वेगळं, दुसरीत वेगळं. पगाराचंही तेच. लोकांना शंका आली. शेवटी कळलं, की असा मुलगाच नव्हता. तो जाहिरातीसाठी कल्पलेला होता! २०२० च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेनं आक्षेप घेतला, तेव्हा कंपनीनं पाच जाहिराती मागे घेतल्या. पुढे २०२४ च्या जुलैमध्ये तर खुद्द 'बायजूज'वरच दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

विचार करा, त्या न जन्मलेल्या वुल्फकडे बोट दाखवून किती घरांत मुलांना ऐकावं लागलं असेल, "बघ तो कसा, आणि तू!"

आता आपली बादली!

कोणताही क्लास या पाच प्रश्नांच्या पाण्यात टाका. मुलांनो, प्रश्न वहीत उतरवून घ्या. ताईला, दादाला, आई-बाबांना उपयोगी पडतील.

१. नोकरी किती जणांना लागली? "शेकडो जणांना" हे उत्तर चालणार नाही. मागच्या तुकडीत किती जणांनी नाव घातलं, किती जणांनी क्लास पुरा केला, किती जणांना कोणत्या कामावर घेतलं, असे तीन आकडे मागा. शंभरातले साठ जण मधेच सोडून गेले आणि उरलेल्या चाळीसपैकी छत्तीस जणांना नोकरी लागली, तर जाहिरातीत "९० टक्के" छापता येतं. खरे किती? शंभरातले छत्तीस!

२. जुन्या मुलांशी बोलता येईल का? क्लासनं निवडून दिलेल्या एकाशी नको. आपण स्वतः शोधलेल्या दोघा-तिघांशी बोला.

३. शिकवणार कोण? समोर माणूस आहे, की आधीच चित्रित केलेले धडे? एका वर्गात मुलं किती? माझा प्रोग्रॅम चुकला तर तो वाचून दाखवणार कोण?

४. मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का? तोंडी उत्तर नको. कागदावर दाखवा म्हणावं.

५. घाई कशाची? "आज रात्री बारापर्यंत" म्हणणाऱ्याला सांगा, "आम्ही पंधरा दिवसांनी कळवतो." खरा क्लास पंधरा दिवसांनीही तिथेच असतो.

यात आणखी एक पारख आहे. पुण्यात 'सी-डॅक' ही सरकारी संस्था आहे. १९८८ साली निघाली आणि १९९१ साली तिनं 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. तिचेही पैसे भरून करायचे, थोड्या महिन्यांचे अभ्यासक्रम आहेत. पण पदव्युत्तर पदविकेला बसायचं तर आधी 'सी-कॅट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. म्हणजे तिथे तुम्ही संस्थेला पारखता आणि संस्था तुम्हाला. ज्या क्लासला तुमच्याबद्दल काहीच विचारायचं नसतं, फक्त पैसे कधी भरता एवढंच विचारायचं असतं, तिथे जरा थांबा.

चला, हिशेब करू!

पाटी-पेन्सिल घ्या. (आकडे उदाहरणासाठी घेतलेत हं!)

फी ६०,००० रुपये. सहा महिने म्हणजे साधारण २४ आठवडे. आठवड्याला ५ तास शिकवणं. २४ × ५ = १२० तास. म्हणजे तासाला ५०० रुपये. बरं वाटतंय?

थांबा. वर्गात २० मुलं आहेत असं धरा. तासाच्या ६० मिनिटांत तुमच्या वाट्याला शिक्षकांची ३ मिनिटं. १२० तासांत झाली ३६० मिनिटं, म्हणजे फक्त ६ तास! साठ हजार भागिले सहा... दहा हजार रुपये तास!

मग हे सगळं वायाच का? नाही. पण पैसे कशाचे द्यायचे, ते या हिशेबातून कळतं. धडे फुकट मिळतात. लहान मुलांसाठी 'स्क्रॅच' आहे. अमेरिकेतल्या एमआयटीनं ते २००७ साली आणलं. चित्रांचे ठोकळे जोडून त्यात खेळ बनवता येतात. मोठ्यांसाठी 'पायथन' ही भाषा आहे, तीही फुकट. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे कितीतरी धडे मराठी आवाजात ऐकता येतात. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा 'सीएस फिफ्टी' हा प्रसिद्ध अभ्यासक्रमही इंटरनेटवर पैसे न देता शिकता येतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'कोपा' नावाचा एक वर्षाचा ट्रेड असतो. जवळच्या आयटीआयमध्ये तो आहे का, ते विचारून बघा. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली 'एमएस-सीआयटी' मात्र संगणक वापरायला शिकवते. प्रोग्रॅम लिहिणं ही त्यापुढची पायरी.

मग विकत काय घ्यायचं? चूक दाखवणारं माणूस, ठरलेली वेळ आणि सोबतीला शिकणारी मुलं. या तीन गोष्टी फुकट मिळत नाहीत. त्या क्लासमध्ये खरोखर असतील, तर पैसे सत्कारणी लागतील. नसतील, तर साठ हजारांची चित्रफीतच घरात आली म्हणायची!

बी चांगलं, पण जमीन?

आता क्लास सोडा आणि स्वतःला पारखा. हा खेळ आजच खेळा.

मित्राला १ ते १०० मधली एक संख्या मनात धरायला सांगा. तुम्ही अंदाज सांगायचा, त्यानं फक्त "मोठी", "लहान" किंवा "बरोबर" म्हणायचं. पैज लावा, की सात अंदाजांत ओळखाल! युक्ती सोपी आहे. पहिला अंदाज ५०. तो "मोठी" म्हणाला, तर खालच्या पन्नास संख्या बाद. मग ७५. दर वेळी उरलेल्यांचा मधला आकडा सांगायचा. १०० चे ५०, ५० चे २५, २५ चे १२, मग ६, ३ आणि शेवटी १. झालं सातात काम!

आता याच्या पायऱ्या कागदावर अशा लिहा, की हा खेळ कधीच न खेळलेल्या धाकट्या बहिणीनं नुसतं वाचून तो खेळावा. ती कुठे अडली? तिथे तुमचं वाक्य चुकलंय. ते दुरुस्त करा. पुन्हा खेळवा. मुलांनो, कोडिंग म्हणजे नेमकं हेच. लिहायचं, चुकायचं, शोधायचं, सुधारायचं. आजकाल साधे प्रोग्रॅम कृत्रिम बुद्धिमत्ताही लिहून देते. म्हणूनच लिहिलेलं वाचून त्यातली चूक पकडणाऱ्या माणसाला महत्त्व आहे.

यात मजा आली का? मग तीस दिवस, रोज एक तास, फुकटातल्या धड्यांनी शिका. घरी संगणक नसेल तर शाळेच्या संगणक-खोलीचं काय, ते बाईंना विचारा. तीस दिवसांनी हाती एखादा लहानसा, चालणारा प्रोग्रॅम असेल, तर जमीन कसदार आहे. दहाव्या दिवशीच कंटाळा आला? काही बिघडलं नाही. साठ हजार वाचले! तुम्हाला दुसरं काहीतरी आवडत असणार.

आई-बाबांसाठी चार ओळी

शाळकरी मुलांना कोडिंगच्या महागड्या क्लासची मुळीच गरज नाही. पदवीनंतर मुलगा किंवा मुलगी हट्ट धरत असेल, तर आधी वरचे तीस दिवस होऊ द्या.

"बिनव्याजी हप्ते" म्हटलं, की ते कर्ज कुणाचं, ते विचारा. कर्ज दुसऱ्या वित्त कंपनीचं असेल, तर क्लास बंद पडला तरी हप्ते मागे लागू शकतात. बँक खात्यातून आपोआप पैसे कापायला परवानगी देताना जपा, असा इशारा केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं २३ डिसेंबर २०२१ रोजी पालकांना दिला होता. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी नियम आखून दिले. नोकरीची शंभर टक्के हमी देणं त्यांत बसत नाही. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पुण्यातला क्लास असेल, तर भोरहून जाण्या-येण्यातच रोजचे तीन-चार तास एसटीत जातील. तेही हिशेबात धरा.

आणि एक. पुष्कळदा मुलगी क्लास मागते, कारण घरी तिला निवांत बसायलाच मिळत नाही. पाणी, भांडी, गुरं, पाहुणे! "रोज संध्याकाळी दोन तास हिला कुणी हाक मारायची नाही," एवढं घरानं ठरवलं, तर साठ हजारांतली एक मोठी वस्तू घरातच मिळून जाते.

मग ताईचं काय झालं?

ते तुम्हीच ठरवा! आमच्या मनातली ताई आज रात्री बारापर्यंत नाव घालत नाही. ती पाच प्रश्न विचारते, तीस दिवस शिकते. भात लावणीला येईतो तिचा पहिला प्रोग्रॅमही तयार होतो. मग बाबा म्हणतात, "आता बघू तुझा क्लास. पण जाहिरात त्यानं केली म्हणून नाही हं. तुझं काम बघितलं म्हणून."

काय, पटतंय ना? मग वहीतला तो पाच प्रश्नांचा कागद जपून ठेवा. पुढे कोडिंगच काय, कोणताही क्लास लावायची वेळ आली, की आधी बादली भरा!